परतीच्या खोलीतली अकरा मिनिटं

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. गेली तीन वर्षं तू ज्या पुस्तकाचा जप करते आहेस, त्या ‘परतीची खोली’चा सिनेमा शुक्रवारी आमच्या थिएटरात लागला. यंत्राच्या खिडकीतून मी तो सात वेळा पाहिला, आणि आपल्या करारानुसार निकाल जाहीर करतो. सिनेमा जिंकला, पुस्तक हरलं. रडायचं असेल तर रुमाल जवळ घे.

करार तू विसरली नसशीलच. अंधाऱ्या हॉलमध्ये बसलं की तुझं डोकं ठणकायचं, आणि छापील पान समोर धरलं की माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचायची. म्हणून आईने वाटणी करून दिली. दादाने बघायचं, ठमीने वाचायचं, आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकमेकांना सांगायचं. तिची अट एकच होती, सांगताना खोटं बोलायचं नाही.

तर माझी बाजू ऐक. दुसऱ्याच कुठल्या तरी ग्रहावर काळा समुद्र, आणि त्याच्या तळाशी माणसांचं ठाणं. पाण्याचा दाब एवढा, की पत्र्याच्या भिंती कण्हतात. कप्तान बाई आहे. केस मुलासारखे बारीक कापलेले आणि नजर अशी, की मला आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. ठाणं फुटतं, ती एकेकाला वर पाठवते, आणि सर्वांत शेवटी स्वतः परतीच्या खोलीत शिरते. दार बंद, दार उघड, की कप्तान बाहेर! लोकांची बोटं तोंडात, शिट्ट्याच शिट्ट्या. तुझ्या पुस्तकात म्हणे ती त्या खोलीत तीन प्रकरणं नुसती बसून असते. अगं, बसून राहायला लोक थिएटरात कशाला येतील? घरी खुर्च्या नाहीत का?

मालक खूश आहेत. तीनाचे चार खेळ केलेत, तरी हॉल भरतोय. मला मात्र रीळ बदलता बदलता चहा प्यायलाही फुरसत नाही.

फोन करू नकोस. बत्तीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून माझ्या कानांनी राजीनामा दिलाय. पत्रच लिही, आणि हार मान्य कर.

आता आशीर्वाद.
तुझा दादा

९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास (कानाने अधू, जिभेने मुळीच नाही),

निकाल नामंजूर.

‘दार बंद, दार उघड’ म्हणे! दादा, त्या दोन शब्दांच्या मध्ये माझी नोकरी आहे. तू एकदाही इथे आला नाहीस म्हणून पुन्हा सांगते, आणि या वेळी नीट वाच. आमचा बोगदा नदीखालून जातो. नदी आत घुसू नये म्हणून बोगद्यात हवा दाबून भरलेली असते. ती दाबलेली हवा माणसांच्या अंगात मुरते. खणून परत येताना त्यांना आधी मधल्या खोलीत बसावं लागतं, म्हणजे एक लोखंडी पिंप, दोन्ही बाजूंना दारं, आत दोन बाक. मी बाहेर बसते. माझ्या हाती झडप. ती जरा जरा सोडून दाब उतरवायचा, भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे, आमच्या पाळीला एक तास पन्नास मिनिटं. घाई केली तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यावर होतं ते माणसाच्या रक्तात होतं. सांध्यात, पाठीच्या कण्यात, कुठेही.

आता गंमत ऐक. ते पुस्तक मी त्यांना दिलंय. दोन दारांची एक छोटी खिडकी आहे, त्यातून आत सरकवलं. आमच्यात एक ताडमाड उंच गडी आहे, त्याला सगळे जिराफ म्हणतात. तो मोठ्याने वाचतो. अडखळत, बोट ठेवून, पण बाकीचे अकरा जण गप्प बसून ऐकतात, आणि मी बोलनळीला कान लावून. त्याच्या वेगाने एक प्रकरण म्हणजे बरोबर एक तास पन्नास मिनिटं! पूर्वी दहा मिनिटांतच दारावर थापा पडायच्या. आता दार उघडलं तरी म्हणतात, “थांबा ताई, एवढं पान होऊ द्या.” काल दुसरं प्रकरण संपलं. बारा, तेरा, चौदा ही तीन खोलीतली प्रकरणं यायचीत, आणि ती आमची माणसं त्या खोलीतच बसून ऐकणार. एका तरी सिनेमाला हे जमेल का?

एक काटा तेवढा आहे. नवे इंजिनीअर आलेत. आम्ही त्यांना घाईसाहेब म्हणतो, तोंडावर नाही अर्थात. त्यांचं म्हणणं, तक्ता भित्र्या लोकांनी केलाय आणि त्यात वेळ चढवून धरलाय, पाऊण-एक तासात भागेल. काम मागे पडलंय म्हणून ते माझ्या झडपेवर डोळा ठेवून आहेत. मी तक्त्याकडे बोट दाखवते.

हरलास. कबूल कर.
ठमी

१९ फेब्रुवारी

चि. ठमे,

हार कसली? काल तुझीच माणसं माझ्या बाजूने आली. तुझ्या घाईसाहेबांनी अख्खी पाळी बसमध्ये घालून आमच्याकडे सिनेमाला आणली. दोन ओळी भरून बसली होती. तुझा जिराफ मी लगेच ओळखला, कारण तो जागेवरून अर्धवट उठला की त्याचं डोकं थेट माझ्या झोतात यायचं आणि कप्तानच्या तोंडावर काळा ठिपका. मी खिडकीतून ओरडलो, “ए लांबू, खाली बस!” सगळं थिएटर हसलं असावं. मला ऐकू आलं नाही, पण खांदे हलताना दिसले.

कप्तान खोलीतून टुणकन बाहेर आली तेव्हा तुझ्या लोकांनी टोप्या उडवल्या. एवढ्या कष्टाच्या माणसांना दोन तास मजेत गेले तर पुस्तकवाल्यांच्या पोटात का दुखावं?

आणि तुला एक धंद्याची गोष्ट सांगतो. सिनेमात वाट पाहणं ठेवतच नाहीत. माणूस जिना चढायला लागला की पुढच्या क्षणी वरच्या मजल्यावर असतो, मधल्या पायऱ्या गेल्या कुठे म्हणून कुणी विचारत नाही. सिनेमा म्हणजे कंटाळा कापून उरलेलं आयुष्य. तू मात्र त्या पायऱ्याच मोजत बस.

मालकांनी आणखी दोन महिने वाढवलेत. माझी पाठ धरली आहे, बाकी ठीक.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,

भांडायला बसले नाही आज. एक प्रश्न आहे, सरळ उत्तर दे.

त्या रविवारी सिनेमा पाहून आल्यापासून पुस्तक बाकावर पडून आहे. सोमवारी मी नळीतून म्हटलं, “चला, अकरावं प्रकरण.” जिराफ म्हणाला, “शेवट कळला की ताई, आता काय वाचायचं?” अर्ध्या तासात थापा सुरू. एक जण काचेला नाक लावून ओरडतो, “ती कप्तान समुद्राच्या तळातून एका मिनिटात बाहेर आली, आम्ही साध्या नदीखालून दोन तास?” बाकीचे हसतात. हसतात तोवर ठीक, पण परवा कुणीतरी पाना घेऊन दार ठोकलं.

घाईसाहेब तर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “बाई, तुम्हीच तर त्या पुस्तकाच्या भक्त. त्यावर एवढं मोठं चित्र निघालं, शेकडो जाणकार माणसं बसली असतील, त्यांनी ही तासभराची शिक्षा उडवलीच ना? तुमचा तक्ता केवढा जुना आहे, पाहिलंत का?” मी म्हटलं, “साहेब, लेखी द्या.” ते हसले. “बाई, लेखी मागणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नसतो.”

मी त्यांना बधलेली नाही. तू काळजी करू नकोस.

आता प्रश्न. जिराफ काल म्हणाला, “ताई, सिनेमात एक चूक होती. कप्तान खोलीत शिरते तेव्हा केस नखाएवढे, आणि बाहेर येते तेव्हा कानावर आलेले. एका मिनिटात केस वाढवणारं तेल तिथे मिळत असणार.” सगळे खो खो हसले. मी नाही हसले. पुस्तकात ती त्या खोलीत एकेचाळीस दिवस असते.

दादा, त्या सिनेमात खोलीतला भाग खरंच नाही?

ठमी

३ मार्च

चि. ठमीस,

तुझ्या जिराफाला म्हणावं, केसांच्या चुका सगळ्याच सिनेमांत असतात. शूटिंग आज एका दृश्याचं, तीन महिन्यांनी दुसऱ्याचं. एका चित्रात मी नायकाची मिशी एकाच जिन्यावर दोनदा बदललेली पाहिली आहे. टोप बदलतात, कपडे विसरतात, दिवा डावीकडचा उजवीकडे जातो. त्यात एवढं शोधण्यासारखं काय आहे? माणसाने सिनेमा बघावा, केस मोजू नयेत.

नाही म्हणजे नाही. खोलीत शिरते, बाहेर येते. मी रोज चार वेळा पाहतो, मला ठाऊक नाही तर कुणाला?

पण तू तुझं काम तक्त्याप्रमाणे कर. सिनेमा सिनेमाच्या जागी. तुला हे सांगायला नको, तरी सांगतो. वेळेआधी दार उघडू नकोस. ऐकतेस ना?

उत्तर पाठव. दोन ओळी पाठवल्यास तरी चालेल.

दादा

१३ मार्च

दादा,

जिराफ दवाखान्यात आहे. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले. ‘बधलेली नाही’ असं लिहिलं, त्याच्या चारच दिवस आधी मी बधले होते. २३ तारखेला झडप जास्त सोडून पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढलं सगळ्यांना.  पण कुणाला काही झालं नाही. धडधाकट चालत बसमध्ये चढले, एकाने तर मला वाकून सलाम ठोकला. काही होत नाही हे एकदा पाहिलं की माणूस शेफारतो. त्या आठवड्यात आणखी एकदा, पुढच्यात दोनदा. दर वेळी साहेब मागे उभे असायचे. तोंडाने फक्त “तासाभरात हं, बाई” एवढंच म्हणायचे. तरी दर वेळी मनात कुठेतरी टोचायचं. मग तुझं ३ तारखेचं पत्र आलं. नाही म्हणजे नाही.

सिनेमामुळे मी हे केलं असं म्हणणार नाही, तेवढी मी खोटी नाही. पण टोचणी गेली ती तुझ्या पत्राने. वाटलं, पुस्तक लिहिणारा एकटा माणूस, त्याने रंगवलं असेल वाढवून. सिनेमा काढणाऱ्यांनी चार जाणकारांना विचारलं असेल. दादा रोज बघतो, तो कशाला खोटं सांगेल? त्या शुक्रवारी मी पन्नास मिनिटं आधी दार उघडलं.

जिराफ बाहेर आला, हसला, बसकडे चालायला लागला. मध्येच फतकल मारून खाली बसला. लोकांना वाटलं थट्टा करतोय. तो म्हणाला, “ताई, माझे पाय कुठे गेले?”

पुन्हा खोलीत घातलं, दाब वाढवला, नऊ तास मी झडपेवरून हलले नाही. डावा पाय थोडा जागा झाला, उजवा नाही. डॉक्टर म्हणतात, चालेल, नाहीही चालणार.

२६ तारखेला चौकशी. साहेब म्हणतात त्यांनी कधी काही सांगितलंच नाही. काल मला बोलावून चहा दिला आणि म्हणाले, “बाई, आतून त्याच पोरानं पान्यानं दार ढिलं केलं असं तुम्ही सांगा. तो काही नाही म्हणायचा नाही, तुम्हाला मानतो. तुमची खुर्ची राहील.” आणि खरंच, जिराफ नाही म्हणणार नाही. मी भेटायला गेले तर मलाच म्हणतो, “ताई, थापा तर मीच मारत होतो.”

दुसरा माणूस मिळेपर्यंत झडप माझ्याकडेच ठेवली आहे. मला त्या झडपेच्या चाकाला हात लावायची भीती वाटते.

ठमी

१६ मार्च

ठमे,

खोलीतला भाग आहे.

अकरा मिनिटांचा आहे. तो माझ्या टेबलाखाली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होता. पहिला दिवसभर मी सिनेमा पूर्ण चालवला. शनिवारी दुपारी मालक वर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “चौथा खेळ बसवायचा आहे, अकरा मिनिटं काढ. त्या बाईचं नुसतं बसणं काढ, लोक चुळबुळतात.” मी कात्री घेतली. बत्तीस वर्षांत शंभर वेळा हे केलंय, कधी गाणं, कधी पाऊस, कधी म्हातारीचं मरण. कुणाला कळत नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मजा वाटत होती. तू केसांचं विचारलंस, तेव्हाही मी ‘नाही म्हणजे नाही’ लिहिलं. मालकांना कळेल म्हणून नव्हे. तुझ्यापुढे कात्रीवाला ठरायची लाज वाटली म्हणून. आईची एकच अट होती, आणि मी साठीला टेकल्यावर ती मोडली.

आता करार पाळतो, ऐक. कप्तान खोलीत बसते. बाहेर काचेपलीकडे म्हातारा मेकॅनिक, त्याच्या हातात दाराची मूठ. संवाद नाही, संगीत नाही, मला तर हा सिनेमा तसाही मुकाच, पण इथे सगळं थिएटर माझ्यासारखं बहिरं झालं होतं. दिवस जातात, ते तिच्या केसांवरून कळतं. एक दिवस ती मोडते. काचेवर मुठी मारते, हात जोडते, उघड म्हणून विनवते. ती त्याची कप्तान आहे, तिने त्याच्या पोराला तळातून वाचवलंय. म्हाताऱ्याचा हात मुठीवर आहे. तो ढसाढसा रडतो आहे. मूठ तो फिरवत नाही. तिला दिसू नये म्हणून तोंड तेवढं वळवतो. एवढंच आहे. शुक्रवारी पहिल्या खेळाला मागच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली होती आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

तुझ्या पुस्तकाला जे सांगायला तीन प्रकरणं लागली, ते इथे अकरा मिनिटांत आहे. सिनेमा खरोखरच जिंकला होता गं. आणि ज्या भागाने जिंकला तोच मी कापला.

आज दुपारी मी ती पट्टी परत जोडली. चौथा खेळ उशिरा सुरू झाला, मालक धावत वर आले, काय बोलले ते ऐकू आलं नाही. पहिल्यांदा बहिरेपण कामी आलं. पण महिन्याची नोटीस कागदावर होती, ती वाचता आली.

तू काय सांगायचं ते सांगायचा अधिकार मी गमावलाय. तरी एवढंच, त्या चाकाला हात लाव.

दादा

२३ मार्च

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून फाडून टाकलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं. तुझ्यावरचा राग उतरलेला नाही, तो उतरायला त्याचा वेळ घेईल. पण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

चौकशीची माणसं येणार म्हणून साहेब काल स्वतः बोगद्यात गेले. महिन्याभरात प्रथमच. तासभर आत होते, मग पाळीबरोबरच परत फिरले. मधल्या खोलीत अकरा गडी आणि साहेब. मी दार लावलं, चाकाला हात घातला. नळीतून आवाज आला, “बाई, मला चारला मुख्य कचेरीत पोचायचं आहे. मी तासभरच आत होतो, माझा हिशेब लहान आहे.”

ते खरं होतं. पण खोली एकच असते. आत सर्वांत जास्त वेळ जो होता, त्याचा तक्ता सगळ्यांना लागू. मी म्हटलं, “एक तास पन्नास मिनिटं, साहेब.”

पंधरा मिनिटं गेली. मग ते काचेशी आले. आधी हसून घड्याळ दाखवलं. मग बोट नाचवलं. मग मुठी. जाड काचेतून माणसाचं तोंड मोठं दिसतं. त्यांचा घाम मला दिसत होता. बाहेरचा मुकादम येऊन मला म्हणाला, “ताई, साहेब आहेत ते. उघडून टाका, तुमची आधीच मान अडकली आहे.” माझा हात चाकावर होता, आणि दादा, तो हात फिरवायला निघाला होता. सवय लागते. पाच वेळा फिरवलेला हात सहाव्यांदा आपोआप फिरतो.

तेव्हा तो म्हातारा आठवला. मी सिनेमा पाहिलेला नाही, पण तुझ्या पत्रात पाहिला होता. मी तोंड वळवलं. रडू येत होतं, ते भीतीचं होतं. चाक फिरवलं नाही.

साहेबांचा तोल तिथे गेला. नळीत तोंड घालून ओरडले, “ए बाई, नाटकं नकोत! एरवी मी सांगितलं की तासाभरात उघडता, मग आजच काय झालं? त्या दिवशीसारखं उघडा!”

आणि नळीपासून तोंड मागे घेतलं.

खोलीत अकरा माणसं होती. बाहेर मुकादम होता.  मग आतून एका गड्याचा आवाज आला, अगदी हळू. “बसा साहेब. ताई उघडत नाहीत आता.”

मला काय सुचलं कोण जाणे, छोट्या खिडकीतून मी पुस्तक आत सरकवलं. साहेबांनी ते आधी बाकावर ठेवून दिलं. अजून सव्वा तास होता. जिराफानंतर वाचता येणारे तिथे तेच. शेवटी त्यांनी ते उघडलं. बारावं प्रकरण. आधी मनात वाचत होते, मग कुणीतरी म्हणालं, “मोठ्यानं वाचा की.” ते अडखळत नाहीत, म्हणून प्रकरण वीस मिनिटं आधी संपलं. त्यांनी तेरावं सुरू केलं.

सगळे चालत बाहेर आले. साहेब माझ्याकडे न बघता गेले. मुकादम म्हणाला, “जे ऐकलं ते मी सांगणार.”

सोमवारी मीही सांगणार. त्यांचं सांगीन आणि माझी पाचही वेळा सांगीन. जिराफाचं नाव त्यात फक्त एकदा येईल, कुणाचे पाय गेले ते सांगताना.

ठमी

९ एप्रिल

चि. ठमीस,

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. झडप सहा महिने काढून घेतली आणि हत्यारांच्या कोठीत बसवलं, साहेबांचं प्रकरण वर गेलं, आणि तक्त्याशेजारी आता दोन माणसांच्या सह्या लागतात. यावर मी काही बोलत नाही. पुस्तक पाठवलंस त्याबद्दल मात्र बोलतो. अक्षरं अजून नाचतात, पण मी बोट ठेवून वाचतो, जिराफासारखं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याने पेन्सिलने खूण केली आहे, ‘१ तास ५०, सुटलो.’ दहाव्यापर्यंत आहे. अकराव्यापासून समास कोरा.

काल तो सिनेमाला आला. मित्रांनी चाकाच्या खुर्चीतून आणला. त्यानेच मागणी केली म्हणे, ‘तो केस वाढायचा भाग बघायचा आहे.’ तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझ्या वाटणीचं मी सांगायचं, हाच आपला करार. या वेळी कात्री न लावता सांगतो.

नोटिशीचा महिना अजून संपलेला नाही, आणि ती पट्टी मी पुन्हा कापलेली नाही. हॉल भरलेला होता. खुर्ची मधल्या वाटेत लावली, त्याच्या मागच्या वेळच्या जागेच्या अगदी शेजारी. मी यंत्र सुरू केलं आणि पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत राहिलो. मागच्या वेळी त्या डोक्याने मला हैराण केलं होतं. काल पडदा तासभर स्वच्छ होता. एकही डाग नाही. स्वच्छ पडदा मला बत्तीस वर्षांत इतका असह्य कधी झाला नव्हता.

परतीची खोली आली. कप्तान बसली. कुणीतरी चुळबुळलं, मग तेही थांबलं. केस वाढले. तिने मुठी मारल्या, हात जोडले. म्हाताऱ्याने मूठ धरली, डोळे भरले.

तेव्हा पडद्याच्या तळाशी काळं काहीतरी हललं. मला वाटलं यंत्रात कचरा गेला. ते वर आलं, थांबलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. जिराफ उठत होता. दोन्ही काखांत दोन मित्र, आणि मध्ये तो, हेलकावत. त्याचं डोकं म्हाताऱ्याच्या हातावर चढलं, मग कप्तानच्या तोंडावर. सबंध सावली थरथरत होती.

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या. लोक ओरडत असणार, हात हलवून खाली बस म्हणत होते. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “त्याला उभं राहू द्या!”

चाळीस सेकंद. मी घड्याळ लावलं होतं. मग तो आपणहून बसला, आणि पडद्यावर म्हाताऱ्याने दार उघडलं. वेळ झाल्यावर.

खेळ संपल्यावर तो खालून मला हात करत होता. मी जिना उतरून गेलो, वाकून कान त्याच्या तोंडाशी नेला. त्याने पुस्तक मागितलं. मी म्हटलं, माझं अजून सहावंच प्रकरण चालू आहे. तो म्हणाला, “तुम्ही वाचा सावकाश, मी थांबतो.”

तुझा दादा